आमटी पातळ होते तेव्हा

डाळ महागली की मराठी घरात सगळ्यात आधी आमटी पातळ होते. कुणी ठरवून करत नाही. डबा महिनाअखेरपर्यंत पुरला पाहिजे म्हणून मूठभराऐवजी पाऊण मूठ डाळ पडते, पातेल्यात पेलाभर पाणी वाढतं, आणि ताटात रंग तोच दिसत असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच महिन्याच्या यादीत बिस्किटांचे पुडे, नूडल्स, सॉसची बाटली, डब्यात द्यायचे वेफर्स मात्र जसेच्या तसे येतात. पाकिटावरची किंमत छापील असते, त्यामुळे ती निमूट मान्य होते. डाळीचा भाव वाण्याच्या पाटीवर खडूने लिहिलेला असतो. तो पुसला जाताना दिसतो, म्हणून तोच डोळ्यांत खुपतो आणि कात्री तिथेच लागते.

ही कात्री चुकीच्या जागी लागते, हे आकड्यांतही दिसतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीनुसार शहरी भारतात माणशी खर्चातला जवळजवळ ४० टक्के भाग अन्नावर जातो. त्या अन्नखर्चात सर्वांत मोठा हिस्सा दुधाचा नाही, भाजीचा नाही, धान्याचा तर नाहीच. तो आहे पेयं, खाऊ आणि तयार पदार्थांचा: एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांहून थोडा जास्त. यात बाहेरचं जेवण आणि टपरीवरचा चहाही धरलेला आहे, हे खरं. तरी धान्य आणि डाळी दोन्ही मिळून इतका खर्च होत नाही. म्हणजे ज्या ओळीवर मुळातच कमी पैसे जातात तीच ओळ आपण छाटत बसतो.

किराण्याच्या बचतीबद्दल जे काही सांगितलं जातं ते बहुतेक भावाबद्दल असतं. कुठे दोन रुपये कमी, कुठल्या वारी सूट, कुठल्या मॉलमध्ये एकावर एक फुकट. यात तथ्य आहे, पण थोडं. आधी यादीच तपासायला हवी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाचं ताट त्यांनी मांडून दाखवलं आहे: धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्यांच्या जागी अंडी, मासे, मटण मिळून ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. आता चौघांच्या घराचा महिना मांडून बघा. लहान मुलांना कमी लागेल, अंगमेहनत करणाऱ्याला जास्त. ढोबळ हिशोब धरू. डाळी-कडधान्यं दहा किलो. तेल-तूप मिळून सव्वातीन किलो. भाज्या अठ्ठेचाळीस किलो, म्हणजे दिवसाला दीड किलोच्या वर. दाणे, तीळ, जवस, कारळं, खोबरं मिळून चार किलो.

आणि आपली यादी काय म्हणते? तूरडाळ दोन किलो, मूगडाळ अर्धा, हरभराडाळ अर्धा, मटकी पाव. तेलाचा पाच लिटरचा डबा. साखर चार किलो. दाणे अर्धा किलो, तेही उपासाच्या खिचडीसाठी. ज्या घरात अंडी-मासळी नियमाने होते तिथे डाळ कमी चालेल. जिथे होत नाही तिथे ही यादी चक्क उलटी आहे. डाळीच्या जागी तेल आहे आणि दाण्यांच्या जागी साखर.

ती सुलटी केली तर खर्च वाढेल असं वाटतं. खरं तर तेल, साखर आणि पाकिटं कमी केली की त्या पैशांत कडधान्यं बसतात, आणि पुष्कळदा वर काही उरतंही. अट एकच: तुरीचा हट्ट सोडायचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने तुरीचा हमीभाव क्विंटलला ८००० रुपये धरला आणि हरभऱ्याचा ५६५०. शेतातच इतका फरक आहे. शिवाय तूर भरडून, पॉलिश होऊन येते, हरभरा आख्खा खाता येतो. हरभरा, मटकी, हुलगे, चवळी, वाल, वाटाणा, मसूर एवढी कडधान्यं ज्या मुलखात पिकतात तिथे रोज एकाच पिवळ्या वरणावर घर चालावं हे मला नेहमी चमत्कारिक वाटत आलं आहे. पूर्वी गरिबाघरी हुलग्याचं माडगं आणि शेंगोळी होती, कोकणात कुळथाचं पिठलं होतं, मराठवाड्यात धान्य-डाळी भाजून दळलेलं येसर आमटीला दाटपणा द्यायचं. या पदार्थांना आता खाद्यमहोत्सवात स्टॉल मिळतो. घरात मात्र ते मागे पडले.

का मागे पडले? चव बदलली, शहरं वाढली, ही कारणं आहेतच. पण मला एक साधं कारण जास्त पटतं. तूरडाळ भिजत घालावी लागत नाही. ऐन वेळी कुकर लावला की झालं. मटकीला मोड यायला दीड दिवस लागतो. हरभरा, राजमा, वाटाणा रात्रभर पाण्यात लागतो. दही आदल्या रात्री विरजावं लागतं, धिरड्याचं पीठ सकाळी आंबवलं तर संध्याकाळी कामाला येतं. स्वस्त आणि सकस अन्न हे आदल्या रात्री सुरू होतं. त्याला पैसा कमी लागतो, आणि खरं पाहिलं तर हाताचा वेळही फार लागत नाही. वाटीभर कडधान्य पाण्यात टाकायला एक मिनिट पुरतं. लागते ती आठवण. उद्या काय करायचं हे आज डोक्यात असावं लागतं.

पाकीट नेमकी हीच गोष्ट विकतं. त्याला आदल्या रात्रीची गरज नसते. दहा मिनिटांत घरपोच सामान आणून देणाऱ्या ॲपचा धंदा तर पूर्णपणे आपल्या विसरण्यावर उभा आहे. कोथिंबीर विसरली, दही संपलं, मुलाला अचानक काहीतरी हवं झालं. कोथिंबिरीच्या जुडीचं शुल्क फार वाटू नये म्हणून सोबत आणखी चार वस्तू मागवल्या जातात, त्यात दोन तरी चॉकलेटं असतात. घरखर्चाला लागलेली ही गळती डाळ पातळ करून कशी थांबणार?

एक भाजी जवळून बघू. चाकवताची जुडी. थंडीत मंडईत ती मेथीच्या शेजारी पडून असते आणि बरेच लोक तिला ओळखतही नाहीत. नुसती परतली तर शिजून मूठभर होते, चौघांत दोन-दोन घास. तीच शिजवून रवीने घोटली, हरभऱ्याची भिजवलेली मूठभर डाळ आणि तेवढेच शेंगदाणे आधी शिजवून त्यात घातले, आंबट ताकात कालवलेलं चमचाभर बेसन लावलं आणि लसूण, मिरची, हिंगाची फोडणी दिली, की पातेलंभर पातळभाजी होते. भाकरीबरोबर रात्री, भाताबरोबर सकाळी. या पातेल्यात पालेभाजी आहे, डाळ आहे, दाणे आहेत, ताक आहे. पोषण संस्थेच्या ताटातले चार खण एकाच वेळी भरले. आणि ते ताकही असंच: दही आंबट झालं म्हणून फेकायचं नाही, ही बुद्धी पदार्थातच घालून ठेवलेली. आपल्याकडच्या काटकसरीचा सगळ्यात हुशार भाग हा आहे. आंबट दह्याची कढी, शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या आमटीत वरणफळं, पुरणाच्या डाळीचं पाणी काढून कटाची आमटी. हे पदार्थ नाइलाजाने जन्मले असतील, पण त्यांची चव नाइलाजाची नाही.

मांसाहारी घरातही गणित तेच. पापलेट आणि सुरमई यांच्या भावाने डोळे पांढरे होतात, पण तारली आणि बांगडा पोषणात त्यांच्या मागे नाहीत. सुकट-जवळा पावसाळ्यासाठी उन्हाळ्यातच भरून ठेवतात, तो तर कोकणचा कडधान्याचा डबाच म्हणायचा. प्रथिनांची पावडर डब्यातून आणण्याची सध्या टूम आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात हे त्या डब्यावर अर्थातच लिहिलेलं नसतं.

मात्र जुन्या अन्नाची सगळीच शिफारस आता काटकसरीच्या नावाखाली करता येत नाही. ज्वारीचंच घ्या. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, जाहिराती झाल्या, आणि शहरात चांगली मालदांडी ज्वारी गव्हाहून महाग झाली आहे. भाकरी खावी, जरूर खावी, पण ती गरिबाची म्हणून स्वस्त पडेल हे गृहीत धरू नये.

भावाचं थोडं बोलून घेऊ, कारण तिथेही काही गोष्टी कळून घेण्यासारख्या आहेत. १८ जुलै २०२२ पासून पॅक करून लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पिठांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागला, पण २५ किलोपर्यंतच्या पॅकिंगवर. सुटं धान्य आणि त्याहून मोठं पोतं यांतून सुटलं. म्हणजे भुसार बाजारातून तीस किलोचं पोतं आणून तीन घरांनी वाटून घेतलं तर घाऊक भावही मिळतो आणि करही वाचतो. तेलाच्या पिशवीवर एक लिटर लिहिलं असेल तर ते साधारण ९१० ग्रॅम असतं. शेजारच्या पिशवीवर ८०० किंवा ८५० ग्रॅम असेल आणि ती आठ-दहा रुपयांनी स्वस्त दिसत असेल, तर खिशातला फोन काढून भागाकार करावा. बाकी सूट-सवलतीच्या मागे फार धावण्यात अर्थ नाही. एकावर एक फुकट मिळालेल्या सॉसची दुसरी बाटली संपवायला भजी तळावी लागतात.

आता यातला अवघड भाग. पोतं आणलं की निवडावं लागतं, ऊन दाखवावं लागतं, डाळीला एरंडेल चोळावं लागतं, कोठीत कडुलिंबाचा पाला घालावा लागतो, आणि एवढं करून भाद्रपदात सोंडे होतातच. पालेभाजी निवडायला अर्धा तास. कडधान्य भिजवण्याची आठवण. दही विरजण्याची आठवण. हे सगळं कोण करतं? २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेल्याचं दिसतं, पुरुषांचा ८८. आणि हे जे पुरुष घरकाम करतात त्यांचं. मुळात असे पुरुष चारांत एकाहून थोडे जास्त. भिजत घालण्याची आठवण या मिनिटांत कुठे मोजली असेल असं मला वाटत नाही. ती दिवसभर बस-लोकलमध्ये, ऑफिसात, झोपताना डोक्याच्या एका कोपऱ्यात चालू असते.

म्हणून ‘आमची आई एवढ्याशा पगारात सहा माणसांचं घर कसं चालवायची’ हे कौतुक मी जरा हात राखूनच ऐकते. कसं चालवायची याचं उत्तर बरेचदा तिच्या शरीरात सापडतं. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरलेलं ती खायची. जाड आमटी मुलांना, पातळ तिला. भाजी संपली तर पोळी चटणीबरोबर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. याला कारणं अनेक आहेत, एकट्या शेवटच्या पंगतीवर सगळा दोष घालता येणार नाही. पण एवढं निश्चित की घराची बचत आणि घरातल्या एका माणसाची उपासमार यांची हिशोबाच्या वहीत वेगवेगळी नोंद होत नव्हती. चौघांचं दहा किलो कडधान्य म्हणताना चौथा वाटा तिचा आहे, हे वेगळं सांगावं लागतं.

यावर शहरी उत्तर तयार असतं: वेळ वाचवा, विकत आणा. नवरा-बायको दोघं कमावती असतील तर चिरलेली भाजी आणि तयार पोळी हा शहाणपणाच असू शकतो, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फक्त आपण काय विकत घेतो आहोत हे बघावं. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणल्या किंवा बचत गटाची थालिपिठाची भाजणी घेतली, तर आपण कुणाच्या तरी श्रमाचे पैसे देतो. अन्न तेच राहतं. कुरकुऱ्यांच्या पाकिटात श्रम कुणाचेच फारसे वाचत नाहीत, कारण ते नसते तर घरात कुणी कुरकुरे करत बसलं नसतं. तिथे पैसे जातात हवेला, तेलाला आणि जाहिरातीला. पहिल्या खर्चाला मी घरखर्चात मोकळेपणाने जागा देईन.

आणि पूर्वी तरी बाई एकटी कुठे करत होती? पापड, कुरडया, सांडगे वाड्यातल्या बायका मिळून करत. मसाल्याची मिरची डंकिणीवर कुटून यायची. दळण गिरणीत. एकेका घराच्या ओट्यावर सगळं कोंडलं गेलं ते फ्लॅट आल्यावर. मग काटकसरीचा भारही एकेकीवर पडला, आणि तिचं सामुदायिक अंग विसरलं गेलं.

महाराष्ट्राला ते विसरणं शोभत नाही. १९७२ च्या दुष्काळात धान्य, तेल, साखर मिळेनाशी झाली तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली, हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांनी आमटी पातळ करून भागवलं नाही. डाळ-तेल कुठे दडलं आहे ते त्यांनी सरकारला विचारलं. पुढे १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची रीत साधी आहे. आसपासची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात, पुढच्या महिन्याला काय लागेल त्याची मागणी आधी नोंदवतात, एकत्र घाऊक खरेदी होते, आणि आलेलं सामान सभासदच आपसांत वाटून घेतात. यात सवलतीचं कूपन कुठे नाही. एका बाईच्या डोक्यातली आदल्या रात्रीची आठवण इथे दहा-बारा घरांच्या सामाईक कागदावर उतरते, बस. आजच्या सोसायट्यांत व्हॉट्सॲपचे गट आहेत, त्यांवर सुप्रभात आणि पार्किंगची भांडणं चालतात. हरभऱ्याचं एक पोतं आणि वर्षाची मिरची त्याच गटावर सहज ठरू शकते. पोतं वर चढवायला पुरुष आनंदाने येतील याची मला खात्री आहे. निवडायला किती बसतात ते बघू.

पण पोतं आणायला हातात एकरकमी पैसे लागतात आणि ठेवायला जागा लागते. रोजंदारीवरच्या घरात दोन्ही नसतं. तिथे डाळ पाव किलोने येते, तेल दहा-वीस रुपयांचं, आणि ज्याच्याकडे कमी आहे त्याला प्रत्येक वस्तू चढ्या दराने मिळते. अशा घराला काटकसरीचा सल्ला देणं हा उद्धटपणा आहे. ते घर आपल्यापेक्षा कितीतरी काटेकोर चालतं. त्याच्यासाठी सरकारची यादी असते, आणि गंमत अशी की तीही आपल्या यादीसारखी उलटीच आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो गहू-तांदूळ मिळतात, २०२३ पासून तेही फुकट. पोट भरतं. कायद्याच्या या शिध्यात डाळ नाही. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ आला: एक किलो रवा, एक किलो साखर, एक लिटर पामतेल आणि एक किलो हरभराडाळ. चारांपैकी डाळ एकच, आणि तीही सणापुरती. तमिळनाडू मात्र २००७ पासून रेशनच्या दुकानातून कार्डामागे महिन्याला किलोभर तूरडाळ देतो, तीस रुपयांनी.

तूर पिकवण्यात देशात कर्नाटकाबरोबर महाराष्ट्र पुढे आहे. लातूर आणि अकोल्याचे डाळीचे बाजार सगळ्या देशाला डाळ पुरवतात. लातूरच्या शिधापत्रिकेवर महिन्याला दोन किलो डाळ किंवा हरभरा चढवायला किती खर्च येईल, तो कुठल्या खात्यातून निघेल, आणि सणाच्या शिध्यातल्या पामतेल-साखरेवर व्हायचा तसा खर्च तिकडे वळवला तर किती भरपाई होईल, हा हिशोब अर्थसंकल्पाच्या आधी मागण्यासारखा आहे. लाटणी अजून घराघरांत आहेत.